राष्ट्रसंघाचे उघडे परसदार

दक्षिण कोकणातील जुन्या गावऱ्हाटीत एखाद्या घराला वाळीत टाकण्याची शिक्षा किती कठोर असे, हे मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावरील जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. न्हावी त्या घरी जात नसे, नारळ पाडावयास कोणी माडावर चढत नसे, घरात मयत झाले तर खांदा द्यावयास चार माणसे मिळत नसत. हातात काठीही न घेता गाव एका घराला शरण आणीत असे. ही प्रथा अन्यायाचीच होती. तिने बलिष्ठांना क्वचितच शिक्षा केली आणि दुबळ्यांना मात्र नेहमी चिरडले. महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने तिला गुन्हा ठरविले ते योग्यच झाले. तथापि तिच्यामागचे गणित मात्र समजून घेण्यासारखे आहे. सगळे गाव सामील असेल तरच वाळीत टाकण्याला अर्थ असतो. एका जरी दुकानदाराने रात्री परसदार उघडून मीठ आणि राकेल विकले, तरी शिक्षेची धार गेली. आणि असा दुकानदार बहुधा निघतोच, कारण बहिष्काराच्या दिवसांत परसदारी होणाऱ्या विक्रीला भाव चांगला येतो.

पहिल्या महायुद्धानंतर जन्मास आलेल्या राष्ट्रसंघाने जगाची शांतता राखण्यासाठी जे साधन निवडले ते नेमके हेच होते. १० जानेवारी १९२० रोजी अस्तित्वात आलेल्या या संघाच्या करारनाम्यात २६ कलमे होती. त्यांतील सोळावे कलम म्हणजे साऱ्या रचनेचा कणा. करार मोडून युद्ध पुकारणाऱ्या राष्ट्राशी इतर सर्व सभासदांनी व्यापार, कर्जव्यवहार आणि दळणवळण तत्काळ तोडावे, असे ते कलम सांगत होते. लष्करी कारवाईची तरतूद होती ती शिफारशीपुरती. शस्त्राविना युद्ध थांबवता येईल, आक्रमकाची कोंडी त्याच्या बाजारपेठेत आणि बंदरांत करता येईल, ही श्रद्धा त्यामागे होती. महायुद्धातील नाकेबंदीने जर्मनीची केलेली उपासमार जिनीव्हाच्या मुत्सद्द्यांच्या डोळ्यांसमोर ताजी होती.

बहिष्काराची ही कल्पना महाराष्ट्राला काही नवी नव्हती. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री लोकमान्य टिळकांनी वंगभंगाच्या काळातच देशासमोर ठेवली होती. नि:शस्त्र लोकांचे राजकीय शस्त्र म्हणूनच टिळक बहिष्काराकडे पाहत. रत्नागिरीत जन्मलेला हा नेता राष्ट्रसंघाच्या जन्मकाळी लंडनमध्ये होता, हा योगायोग मराठी वाचकांच्या फारसा स्मरणात नाही. चिरोल खटल्यासाठी १९१८ साली टिळक विलायतेस गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीच्या काँग्रेस अधिवेशनाने शांतता परिषदेसाठी आपले प्रतिनिधी म्हणून टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचविली. सरकारने टिळकांना पॅरिसला जाण्यासाठी पारपत्र दिले नाही. तेव्हा ११ मार्च १९१९ रोजी त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहिले. स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानालाही लागू करा, ही मागणी त्यात होतीच. पण त्यापुढे जाऊन, स्वतंत्र हिंदुस्थान हा पूर्वेकडे राष्ट्रसंघाचा समर्थ कारभारी ठरू शकेल, असा व्यवहारी युक्तिवादही त्यांनी केला होता. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनाही त्यांनी लिहिले. विल्सन यांच्या चिटणिसाकडून आलेल्या उत्तराचा आशय असा, की योग्य वेळी योग्य अधिकारी या प्रश्नाचा विचार करतील. कचेरीत काम केलेल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

हिंदुस्थानाला जागा मात्र मिळाली. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या, आणि सह्या करणारा म्हणून हा परतंत्र देश राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला. करारनाम्याप्रमाणे पुढे सभासद होऊ इच्छिणाऱ्या देशाला स्वयंशासित असण्याची अट होती. मूळ सभासदाला ती लावण्याचे कोणाला सुचले नाही. नोव्हेंबर १९२० मध्ये जिनीव्हात भरलेल्या पहिल्या आमसभेत हिंदुस्थानतर्फे सर विल्यम मेयर, सर अली इमाम आणि नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी बसले. टिळक त्यापूर्वीच, १ ऑगस्ट १९२० रोजी, निवर्तले होते. शिष्टमंडळाचे नेतृत्व एखाद्या हिंदी गृहस्थाकडे येण्यास १९२९ साल उजाडावे लागले. वर्गणीत मात्र हयगय नव्हती. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात संघाचा खर्च सभासदांत एककांनी वाटला जाई; ब्रिटनच्या वाट्याला १०५ एकके, इटली आणि जपान यांच्या वाट्याला प्रत्येकी ६० आणि हिंदुस्थानच्या वाट्याला ५६. इटली आणि जपान कौन्सिलचे कायम सभासद होते. हिंदुस्थान जवळजवळ तेवढेच पैसे भरून लंडनच्या सूचनेप्रमाणे मत देत होता. तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीज गोव्याची स्थिती याहून निराळी नव्हती. पोर्तुगालही संघाचा मूळ सभासद होता. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या माणसांच्या नावाने जिनीव्हात खुर्च्या होत्या, आणि दोन्ही खुर्च्यांवर बसणाऱ्यांची निवड दुसरेच करीत होते.

गावातील सर्वांत मोठा दुकानदार मात्र पहिल्या दिवसापासून बहिष्काराच्या बाहेर राहिला. ज्या विल्सन यांनी संघाची कल्पना उचलून धरली, त्यांच्याच देशाच्या सीनेटने १९१९ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा १९२० च्या मार्चमध्ये तह फेटाळला. जगातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था वगळून आर्थिक बहिष्कार कसा करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रसंघाला शेवटपर्यंत सापडले नाही.

तरीही पहिली दहा वर्षे अगदी वाया गेली असे म्हणता येणार नाही. ऑलंड बेटांचा स्वीडन-फिनलंडमधील वाद १९२१ साली सामोपचाराने मिटला. ऑस्ट्रियाचे दिवाळे निघत असता संघाने कर्ज उभे करून दिले. १९२५ साली ग्रीक सैन्य बल्गेरियात घुसले तेव्हा कौन्सिलने त्याला मागे फिरावयास लावले आणि ग्रीसकडून ४५,००० पौंड भरपाई घेवविली. ग्रीसने ती मुकाट्याने दिली. पण दोनच वर्षांपूर्वी मुसोलिनीने ग्रीसच्या कॉर्फू बेटावर तोफा डागल्या असता भरपाई इटलीने नव्हे, तर ग्रीसनेच इटलीला दिली होती, हे ग्रीक लोक विसरले नसावेत. लहान देशांनी ऐकावे आणि मोठ्यांनी ऐकवावे, असा नियम कोठे लिहिलेला नव्हता; तो वहिवाटीने पडत होता.

संघाचा जो अवयव खऱ्या अर्थाने जगला, त्याचा संबंध कोकणाशी अधिक जवळचा आहे. तो म्हणजे आंतरराष्ट्रीय मजूर संघटना. मुंबईच्या गिरणगावात त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातीलही, कामगारांचा भरणा मोठा होता. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत कामाच्या तासांचा करार झाला आणि हिंदुस्थानासाठी त्यात आठवड्याचे ६० तास ही वेगळी मर्यादा घातली गेली. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने ती अमलात आणली आणि बालकामगारांचे किमान वय ९ वरून १२ वर नेले. या सुधारणेचे श्रेय वॉशिंग्टनला द्यावयाचे, की १९२० च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्या बंद पाडणाऱ्या कामगारांना, हा वाद घालण्यासारखा आहे. निवाडा करावयाचा झाल्यास तो संपाच्या बाजूने द्यावा लागेल. पण कामगारांना जिनीव्हात निदान आपला माणूस पाठविता आला. तेथे १९२१ साली ना. म. जोशी आणि १९२४ साली टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बोलले. राजकीय सभागृहात हिंदुस्थानची खुर्ची संस्थानिकांना आणि सरकारी मानकऱ्यांना मिळत असताना मजुरांच्या सभागृहात कामगार पुढारी बसत होते, हा फरक लहान नव्हे.

खरी परीक्षा १९३१ साली आली. सप्टेंबरात जपानने मांचुरिया गिळावयास प्रारंभ केला. चीनने संघाकडे दाद मागितली. संघाने चौकशी मंडळ नेमले, त्याचे अध्यक्षपद बंगालचे माजी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांच्याकडे दिले, मंडळाने सावकाश प्रवास केला आणि वर्षभराने अहवाल दिला. २४ फेब्रुवारी १९३३ रोजी आमसभेने ४२ विरुद्ध १ मतांनी तो स्वीकारला. ते एक मत जपानचे होते. जपानी प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले आणि महिनाभरात त्यांच्या देशाने संघ सोडण्याची सूचना दिली. सोळाव्या कलमाला कोणी हातही लावला नाही. जागतिक मंदीचे दिवस होते. गिऱ्हाईक गमावण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

बहिष्कार म्हणजे काय असू शकते याचा धडा त्याच वर्षी जपाननेच दिला, आणि तोही हिंदुस्थानला. मुंबईच्या गिरण्यांना जपानी कापडाची स्पर्धा असह्य झाल्याने हिंदुस्थान सरकारने १९३३ च्या जूनमध्ये बिगर-ब्रिटिश सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. लगोलग जपानी सूत गिरणीमालकांनी हिंदी कापूस घेणे बंद केले. जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा खरेदीदार होता. येथे परसदार उघडण्यास दुसरा दुकानदार नव्हता. काही महिन्यांतच वाटाघाटी सुरू झाल्या आणि १९३४ च्या जानेवारीत समझोता झाला. जकात ५० टक्क्यांवर आली. जपानने दरसाल दहा लाख गासड्या कापूस उचलला तर ३२.५ कोटी वार कापड त्याला येथे विकता येईल, असे प्रमाण ठरले. एका देशाचा प्रचंड प्रदेश बळकावला गेला तेव्हा ४२ राष्ट्रांना जे जमले नाही, ते जकातीच्या प्रश्नावर एका देशाच्या गिरणीमालकांनी सहा-सात महिन्यांत करून दाखविले. साधन निरुपयोगी होते, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

मग आले हबसाण. कोकणाला हे नाव परके नाही. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबशी. त्यांचा आणि इतर दर्यावर्दी सत्तांचा बंदोबस्त करण्यासाठीच शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली. ते हबसाण, म्हणजेच अबिसीनिया, १९२३ साली राष्ट्रसंघाचे सभासद झाले होते. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या फौजा त्यात घुसल्या. या वेळी संघाने अनपेक्षित चपळाई दाखविली. चार दिवसांत कौन्सिलने इटलीला दोषी ठरविले, पुढच्या आठवड्यात ५० राष्ट्रांनी त्यास संमती दिली आणि १८ नोव्हेंबरपासून इतिहासातील पहिला जागतिक आर्थिक बहिष्कार सुरू झाला. हिंदुस्थान सरकारनेही तो लागू केला.

या बहिष्काराची यादी आजही वाचण्यासारखी आहे. इटलीला शस्त्रे विकावयाची नाहीत, कर्ज द्यावयाचे नाही, तिचा माल घ्यावयाचा नाही. तिला रबर, कथील, निकेल, मँगनीज द्यावयाचे नाही. घोडे, खेचरे, गाढवे आणि उंट द्यावयाचे नाहीत. ॲल्युमिनियम द्यावयाचे नाही, जे इटली स्वतःच तयार करीत होती. लोखंडाचे खनिज बंद. तयार पोलाद चालू. आणि ज्यावाचून तिचे रणगाडे, मालमोटारी आणि विमाने एक आठवडाही चालली नसती ते खनिज तेल या यादीत नव्हते. कोळसाही नव्हता. खेचरे अडविली आणि पेट्रोल सोडले! सुवेझचा कालवाही उघडाच राहिला. सैनिक आणि दारूगोळा घेऊन जाणाऱ्या इटालियन जहाजांकडून कालव्याची कंपनी रीतसर टोल वसूल करीत होती.

तेल का वगळले, याचे कारण जिनीव्हात उघडपणे सांगितले जात होते. अमेरिका संघाबाहेर असल्याने तिच्या कंपन्या तेल विकतीलच. मग इतरांनी आपला धंदा का बुडवावा? अमेरिकेच्या सरकारने व्यापाऱ्यांना नैतिक आवाहन केले, आणि त्यांची इटलीला होणारी तेलविक्री वाढतच गेली. पण सगळा दोष अमेरिकेवर टाकणे सोयीचे असले तरी खरे नाही. कोळसा ब्रिटनचा होता, कालव्याच्या कंपनीत भांडवल ब्रिटन आणि फ्रान्सचे होते. ब्रिटनला भूमध्य समुद्रात आरमार गुंतवावयाचे नव्हते. फ्रान्सला हिटलरविरुद्ध मुसोलिनीची मैत्री हवी होती. डिसेंबरात होर आणि लाव्हाल या दोघा परराष्ट्रमंत्र्यांनी हबसाणचा मोठा भाग इटलीला देऊन टाकण्याची योजना गुपचूप आखली. ती वृत्तपत्रांत फुटली, होर यांना राजीनामा द्यावा लागला. पण वाळीत टाकणाऱ्या पंचांनीच वाळीत पडलेल्याशी सौदा चालविला आहे, हे साऱ्या गावाला कळून चुकले.

इटलीला या निर्बंधांची झळ लागलीच नाही असे नव्हे. तिची निर्यात घसरली, सोन्याचा साठा आटला. १८ डिसेंबरला इटलीच्या स्त्रियांनी आपल्या लग्नाच्या अंगठ्या राष्ट्राच्या तिजोरीत टाकल्या. अर्धवट बहिष्काराचा हा एक परिणाम फार थोडे लोक ध्यानात घेतात. तो अपराध्याचे हात बांधीत नाही, पण त्याच्या घरच्या माणसांना त्याच्याभोवती गोळा मात्र करतो. तेलाबद्दल खुद्द मुसोलिनीचे मत काय होते, ते हिटलरच्या दुभाष्याने नोंदवून ठेवले आहे. तेल बंद झाले असते तर आठवड्याभरात हबसाणातून पाय काढावा लागला असता, असे त्याने १९३८ साली म्यूनिकमध्ये हिटलरला सांगितले होते.

हबशी सैनिकांवर आणि खेड्यांवर विषारी वायू सोडण्यात आला. त्या वायूवर बंदी घालणाऱ्या १९२५ च्या जिनीव्हा ठरावाला इटलीने स्वतः मान्यता दिलेली होती. ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडले. ३० जून रोजी सम्राट हैले सेलासी आमसभेपुढे उभे राहिले तेव्हा सज्जातील इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजविल्या. आपल्या प्रजेला कोणते उत्तर नेऊन देऊ, एवढेच त्यांनी अखेर विचारले. चारच दिवसांनी सभेने बहिष्कार उठविण्याचा निर्णय केला. तो उत्तराचाच एक प्रकार होता.

राष्ट्रसंघापाशी सैन्य नव्हते म्हणून तो बुडाला, असे पाठ्यपुस्तकांतून नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. अंमल करणारा नसेल तर नियम कागदावर राहतो, हे मालवणच्या रापणकरांना वेगळे सांगावयास नको. १९८१ चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा हाताशी असूनही यांत्रिक नौका किनाऱ्यालगत येतात आणि गस्तीची नौका वेळेवर येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे. परंतु सैन्य उभारता येत नव्हते असेही नाही. १९३४ च्या अखेरीस सार प्रांतातील सार्वमतासाठी ब्रिटन, इटली, स्वीडन आणि हॉलंड यांचे सुमारे ३,३०० सैनिक संघाने पाठविले आणि एक गोळीही न झाडता मतदान पार पडले. त्या कामात कोणाच्याच खिशाला चाट नव्हती, म्हणून ते जमले. हबसाणच्या वेळी सैन्याचीही गरज नव्हती. तेल विकावयाचे नाही आणि त्या विक्रीचे नुकसान आपापसांत वाटून घ्यावयाचे, एवढेच करावयाचे होते. करारनाम्याच्या त्याच सोळाव्या कलमात अशा नुकसानीत परस्परांना साह्य करण्याची तरतूद लिहिलेली होती. तिचा हिशेब मांडावयास कोणी गंभीरपणे बसले नाही.

त्यानंतरची दहा वर्षे म्हणजे लांबलेले आजारपण. १९३७ साली आगाखान आमसभेचे अध्यक्ष झाले. पण तोवर त्या खुर्चीला मानापलीकडे काही उरले नव्हते. डिसेंबर १९३९ मध्ये फिनलंडवरील आक्रमणाबद्दल सोव्हिएत रशियाला संघातून काढले गेले. त्याआधीच दुसरे महायुद्ध पेटले होते. १९४६ च्या एप्रिलमध्ये जिनीव्हात शेवटची सभा भरली, संघाने आपली मालमत्ता संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवाली केली आणि स्वतःचे विसर्जन केले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलै १९४६ मध्ये, हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तेथील हिंदी लोकांवर लादलेल्या वर्णभेदी कायद्यांचा तो निषेध होता. देश अद्याप स्वतंत्र व्हावयाचा होता, आणि त्याच्या निर्यातीपैकी सुमारे ५ टक्के माल त्या वेळी दक्षिण आफ्रिकेला जात होता. इतर कोणी बरोबर येईल याची वाट न पाहता तो तोटा सोसण्यात आला. टिळकांनी क्लेमांसोना ज्या कारभाऱ्याचे नाव सुचविले होते, त्याचे हे पहिले काम म्हणता येईल. हा बहिष्कार १९९३ पर्यंत टिकला.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेने सुरक्षा मंडळाला निर्बंध बंधनकारक करण्याचा अधिकार दिला, आणि त्याच्याच शेजारी पाच राष्ट्रांना नकाराधिकारही दिला. त्यामुळे २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले तेव्हा मंडळाचे निर्बंध येण्याचा प्रश्नच नव्हता. जे आले ते पाश्चात्त्य राष्ट्रांनी आपापल्या अधिकारात घातलेले होते. त्यांतही तेलाची गोष्ट पुन्हा आडवी आली. रशियन तेल बाजारातून एकदम नाहीसे झाले तर भाव भडकतील, या भीतीने बंदीऐवजी त्याला पिंपामागे ६० डॉलरची किंमतमर्यादा डिसेंबर २०२२ मध्ये घालण्यात आली. युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता. २०२३ मध्ये तो एक-तृतीयांशावर गेला. स्वस्त तेल घेऊन भारताने आपल्या गरीब ग्राहकाचे हित पाहिले, असे समर्थक म्हणतात, आणि युरोपही रशियन वायू घेतच होता, याची आठवण करून देतात. दोन्ही विधाने खरी आहेत. १९३५ साली तेल विकणाऱ्यांपाशीही अशीच खरी विधाने होती. तेव्हा अमेरिका विकणारी होती, आता भारत घेणारा झाला, एवढा फरक. हे तेल ज्या बंदरांत उतरले त्यांत जामनगरच्या किनाऱ्यावरील शुद्धीकरण कारखान्यांची बंदरे ठळक आहेत. जामनगर ही त्याच नवानगर संस्थानची राजधानी, जेथून रणजितसिंहजी १९२० साली हिंदुस्थानच्या खुर्चीवर बसण्यासाठी जिनीव्हाला गेले होते.